फिल्म, क्ष-किरण आणि माणूस



कामगार चळवळीतल्या माणसाला विमानाचे नि फिल्मचे काय, असे कोणी विचारील. परंतु जेथे यंत्र आहे तेथे त्याच्यापाशी उभा असलेला माणूसही आहे. म्हणून हा विषय मी घेतला.

आजही फिल्मवर छायाचित्रे घेणारी हौशी मंडळी आहेत. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाशाने ते पालटतात, तसेच क्ष-किरणांनीही पालटतात. म्हणून न धुतलेली फिल्म विमानतळावरच्या तपासणी यंत्रातून गेली की तिच्यावर धूसर झाक चढते. धुतलेल्या फिल्मला हे भय नाही.

हे नुकसान खेपेगणिक साठत जाते. आयएसओचा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म हळवी. हातातले सामान तपासणाऱ्या जुन्या यंत्रांतून ८०० आयएसओच्या आतली फिल्म दोन-चार वेळा सहसा सुखरूप निघते. आता अनेक विमानतळांवर सीटी यंत्रे आली आहेत. त्यांत किरणांची नळी सामानाभोवती फिरून अनेक बाजूंनी चित्र घेते. त्यातून एकदा गेली तरी फिल्म बिघडू शकते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाची यंत्रेही अशीच जबर असतात.

तेव्हा न धुतलेली फिल्म त्या सामानात कधीही देऊ नये. ती पारदर्शक पिशवीत, जवळच ठेवावी. थोडे लवकर जावे आणि हाताने तपासण्याची विनंती करावी. अमेरिकेत प्रवाशाला अशी विनंती करण्याची मुभा आहे. सर्वत्र ती मान्य होईलच असे नाही. समोरचा तपासनीसही नोकरीवरचा माणूस आहे, हे ध्यानात ठेवून बोलावे.

हे झाले फिल्मचे. माणसाचे काय?

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. एडिसनच्या कारखान्यातला क्लॅरेन्स डॅली हा कामगार त्या किरणांवर काम करीत असे. त्याचे हात भाजले, पुढे ते कापावे लागले, आणि १९०४ साली तो मरण पावला. त्याच्या अंगात काय साठत होते, हे सांगणारे साधन त्याच्यापाशी नव्हते.

पुढे ते साधन फिल्मनेच दिले. किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर फिल्मचा छोटा बिल्ला आला. ती फिल्म धुतली की तिच्या काळेपणावरून किरणांची मात्रा कळे. प्रवाशाला नडणारा फिल्मचा हळवेपणा कामगाराचा साक्षीदार झाला! आता बहुतेक ठिकाणी स्फटिकांचे बिल्ले आले आहेत. तत्त्व तेच, की मोजले पाहिजे.

विमानतळावरच्या यंत्राचे कवच शाबूत असेल तर बाहेर फारच थोडे किरण येतात. पण ते शाबूत आहे की नाही हे वेळोवेळी तपासणे, आणि तपासणीचा आकडा तेथे राबणाऱ्याला दाखवणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. शिशाच्या झालरीआड अडकलेली पिशवी ओढायला कोणी हात घालू नये, आणि घाई करून कोणाला घालायला लावूही नये.

फिल्मच्या डबीसाठी आपण रांगेत थांबून विनंती करतो. यंत्रापाशी आठ-आठ तास उभे राहणाऱ्यासाठीही तेवढी चौकशी करावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.