शाळेच्या हिशेबाविषयी दोन शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. पुष्कळ भगिनींनी मागितल्यावरून लिहून दिले आहे.)



वर्धापनदिनाला पाककृती, बाळंतिणीची निगा किंवा एखाद्या संताचे चरित्र यांवर बोलावयाची आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला निराळाच विषय दिला. येत्या पालकसभेत आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची व्यवस्थापन समिती निवडावयाची आहे आणि पालक सदस्य म्हणून माझे नाव पुढे आले आहे. "निवडून आलीस तर शाळेच्या पैशाचे काय करशील ते इथेच सर्वांसमक्ष सांग," असे त्या म्हणाल्या. मत पालकांना आहे, मंडळाला नाही. तथापि इथे बसलेल्या निम्म्या जणींची मुले त्या शाळेत जातात आणि उरलेल्यांची नातवंडे, म्हणून मी कबूल झाले.

सातवी झालेल्या बाईला सरकारी हिशेब काय कळणार, असे गावात बोलले जाते. ते माझ्या कानावर आले आहे. पालक सदस्याला कायद्याने शिक्षणाची अट घातलेली नाही, एवढे एक. दुसरे असे की, शाळेचा जमाखर्च म्हणजे किती आले, कशाकरिता आले, कशावर गेले आणि किती राहिले. आपल्या मंडळाची भिशी वीस जणींची आहे, त्यात दोघी मध्येच सोडून गेल्या, एकीने दोन हप्ते उशिरा दिले, तरी वही पैशाला पैसा जुळली. त्यापुढे शाळेची वही सोपी आहे. फक्त ती पाहावयास मिळाली पाहिजे.

ती पाहण्याचा अधिकार आपल्याला केव्हाचाच मिळालेला आहे. 2009 साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात ही समिती सांगितली आहे. समितीत चारांपैकी तीन जण पालक असावे लागतात आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया. मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात आणि अध्यक्ष पालकांमधून होतो. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे ही समितीची कामे. आता आपल्याकडे काय घडते? सभेची वही घरी येते, धनी म्हणतात "कर सही", आणि हातातले पीठ पुसून बाई सही करते. मागच्या दोन समित्यांत ज्या होत्या त्यांना मी विचारले. एकीनेही जमाखर्च वाचलेला नव्हता. त्या हुशार बाया आहेत; त्यांना कोणी वाचून दाखविलाच नाही.

आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत ह्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणत. पूर्वी प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत; 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा हा कारभार त्यांच्याकडे आला. त्याच्याही मागे गेले तर इंग्रजी अमदानीत 1860 नंतर मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेऊ लागले व त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवीत. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी खुरपून पिकविलेल्या जोंधळ्यातून शाळा चालल्या. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात हेच गाऱ्हाणे मांडले की, कष्टकरी रयतेकडून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो आणि रयतेची मुले कोरडी राहतात. आजही आयकर भरणारा करावर शेकडा 4 आरोग्य व शिक्षण उपकर भरतो, आणि आपण काडेपेटी घेतली तरी कर देतोच. तेव्हा शाळेचा पैसा सरकार कृपा म्हणून देते, आपण विचारू नये, असे जे म्हणतात त्यांचे मला पटत नाही.

आता आकडे सांगते, कंटाळू नका. शिक्षकांचे पगार राज्य शासनाकडून जिल्हा परिषदेमार्फत होतात; त्यात समितीचा हात नाही. समितीच्या हाती येते ते मुख्यत्वे समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, तीसच्या वर शंभरपर्यंत 25,000, शंभरच्या वर अडीचशेपर्यंत 50,000, असा क्रम आहे. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालावा लागतो. विजेचे बिल, पाणी, खडू-फळा, खेळाचे सामान, मोडतोडीची डागडुजी, सारे त्यातच भागवावयाचे. आपल्या शाळेचा पट 92 आहे. म्हणजे 25,000 रुपये. महिन्याला दोन हजार त्र्याऐंशी. कधी निम्माच हप्ता येतो आणि उरलेल्याची वाट पाहावी लागते.

हिशेबात एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगते. 92 मध्ये आणखी नऊ मुले आली की पट 101 होतो आणि अनुदान दुप्पट. आणि सकाळी आठ वाजता पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी आपल्या वाडीवस्तीची मुले मी मोजली आहेत. ती नवापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. ज्यांनी पाठविली त्यांना मी दोष देत नाही. त्यांना विचारले तर बहुतेक जणी एकच सांगतात: "मुलींच्या संडासाला दार नाही हो." भाषेचे, इंग्रजीचे नंतर येते. म्हणजे दारापायी मुले जातात, मुलांपायी पैसा जातो, आणि पैसा नाही म्हणून दार बसत नाही.

म्हणून माझ्या मते खर्चाचा क्रम असा लागला पाहिजे: आधी मुलींच्या संडासाचे दार, कडी आणि आत पाणी, मग पिण्याच्या पाण्याची टाकी, मग वीजबिल, आणि काही उरले तर रंगरंगोटी. गेल्या वर्षी भिंतीवर मोर, रेल्वेगाडी आणि फळांची चित्रे निघाली. चित्रे छान आहेत, मुलांना आवडतात, मी नाकारीत नाही. पण त्याच वर्षी बिल थकून दोन महिने वीज बंद होती आणि देणगीतून मिळालेला मोठा टीव्ही गोधडीखाली झाकून ठेवला होता. घरात चूल पेटायची पंचाईत असताना आपण दाराला रंग देतो का? पाहुणे येतात ते भिंत पाहतात, संडास कोणी उघडून पाहत नाही, म्हणून असे होते.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली समजूत अशी की पैसा खात्यात पडला, तो कुठे जातो? तशी रीत आता राहिलेली नाही. 2021 पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एका मुख्य खात्यात राहतो, आणि शाळेला तेवढी खर्चाची मर्यादा मिळते. 31 मार्चपर्यंत खर्च केला नाही तर ती मर्यादा संपते आणि पैसा शाळेच्या हातचा जातो. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. मिळेल त्या दुकानातून मिळेल ते घ्यावयाचे. झाडू चाळीस आणि बादली एकही नाही, अशी खरेदी मी पाहिली आहे. मी असले तर जूनमध्येच यादी करीन, तीन दुकानांचे भाव लेखी आणवीन, आणि हप्ता आल्याच्या पंधरा दिवसांत खरेदी होईल असे पाहीन. लग्नाचे सामान आपण हळदीच्या दिवशी आणतो का?

शाळेच्या दोन खोल्यांचे छप्पर गळते ते मात्र पंचवीस हजारांत होणारे काम नाही. ते जिल्हा परिषदेकडून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून व्हावयास हवे. त्यासाठी 'शाळा विकास आराखडा' नावाचा कागद लागतो. तीन वर्षांचा आराखडा, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग, आणि तो आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार असावा असा नियम आहे. अनुदान ह्या आराखड्याच्या आधाराने द्यावे असे कायद्याच्या बाविसाव्या कलमात आहे. आपला आराखडा गेली काही वर्षे जुन्यावरून उतरविला जातो. त्यात छपराचा उल्लेख आहे, पण किती पत्रे फुटले, किती लांबीचे वासे कुजले, काही नाही. 'छत दुरुस्ती आवश्यक' एवढ्या तीन शब्दांवर कोण पैसे देईल? पावसाळ्यात चार जणी जाऊन कुठे ठिबकते त्याच्या खुणा करू, मोजमाप गवंड्याकडून लिहून घेऊ, आणि पंचायत समितीत पोच घेऊन देऊ. एवढे करून पैसे मिळतीलच असे वचन मी देत नाही. वचन देणारे दुसरे उमेदवार आहेत. ते म्हणतात वरच्या लोकांशी ओळख हवी. असू द्यावी ओळख. पण कागद नसेल तर ओळखीचा माणूस तरी कशावर सही करणार?

दर मुलामागे पाचशे रुपये लोकवर्गणी काढावी अशीही एक सूचना आहे. तिला माझा विरोध आहे. स्वखुशीने कोणी पंखा दिला, फरशी दिली, तर पावती देऊन घ्यावी. पण ठरवून वर्गणी लावली की ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या दोन मुलांचे हजार रुपये होतात, आणि ती देऊ शकली नाही की मूल वर्गात मान खाली घालून बसते. शिक्षण मोफत असे कायदा म्हणतो. त्यापेक्षा ग्रामपंचायतीकडे जाऊ. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले शेकडा 10 महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचे असतात. संडासाचे दार हे बालकल्याण नव्हे काय? ग्रामसभेत हा प्रश्न बाईने उभे राहून विचारला पाहिजे. पुरुष विचारणार नाहीत, त्यांना ते सुचतच नाही.

खिचडीविषयी थोडे. 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि सहावीच्या पुढे 10 रुपये 17 पैसे असा शिजविण्याच्या साहित्याचा दर ठरला. तांदूळ वेगळा, लहानांना 100 ग्रॅम, मोठ्यांना 150. पावणेसात रुपयांत डाळ, तेल, भाजी आणि सरपण कसे बसवावे ते आपल्याला कोणी शिकवावयास नको. पण त्या दिवशी किती मुले जेवली आणि वहीत किती लिहिली, हे दोन आकडे आठवड्यातून एक दिवस एका आईने जाऊन पाहावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर अविश्वास म्हणून मी हे सांगत नाही. उलट कमी-जास्त झाले की बोल त्यांनाच लागतो. दुसरी साक्षीदार असली तर त्यांनाही बरे.

आता जे सांगावयाचे ते इथे बसून सांगणे मला जड जाते. गणवेशाचे. एका मुलाला दोन गणवेश, त्याचे वर्षाला 600 रुपये. 92 मुलांचे 55,200 रुपये होतात, म्हणजे अनुदानाच्या दुपटीहून जास्त. 2024-25 साली ही खरेदी शासनाने समितीकडून काढून वरून केली होती. कापड वरून आणि शिलाई बचतगटांकडे. ठिकठिकाणी गणवेश उशिरा पोचले, आणि डिसेंबर 2024 मध्ये शासनाने हा अधिकार पुढील वर्षापासून पुन्हा समित्यांना दिला. आपल्या मंडळाचा शिवणवर्ग आहे, सहा मशिनी आहेत. मी समितीत गेले की हे काम मंडळाला मिळेल असे दोघी-तिघींनी मला हळूच म्हटले आहे. त्यांत माझ्या जाऊबाईही आहेत, त्या समोरच बसल्या आहेत.

भगिनींनो, मंडळाने भाव द्यावा. इतरांनीही द्यावा. पाकिटे पालकांसमोर उघडावी, कापडाचा तुकडा धुऊन पाहावा, आणि ज्याचे शिवण चांगले व दर योग्य त्याला काम द्यावे. मंडळाचा भाव विचारात असेल त्या दिवशी मी त्या ठरावावर मत देणार नाही, कारण मी मंडळाची सभासद आहे आणि शिवणवर्गाच्या भांडवलात माझेही पाचशे रुपये आहेत. आपल्याला काम मिळाले तर आनंद आहे. आपली शिलाई तालुक्याच्या दुकानापेक्षा पक्की असते, हे मी स्वतः उसवून पाहिले आहे. नाही मिळाले तर माझ्याशी बोलणे टाकू नका. "मग तुला निवडून देऊन आमचा काय फायदा?" असे जाऊबाईंनी मला परवा ओट्यावर विचारलेच. मी म्हटले, "फायदा तुमच्या नातीचा. तिला दार लावून बसता येईल." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मत देतील की नाही ते ठाऊक नाही. त्यांच्या सूनबाईला मत आहे.

निवडून आले तर दर महिन्याच्या सभेनंतर जमाखर्च मोठ्या अक्षरात शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लिहिला जाईल. सभेचे इतिवृत्त कोणालाही पाहावयास मिळावे असे नियमातच आहे, तेव्हा ह्यात मी काही जगावेगळे करीत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सातवीची मुले वाचून दाखवितील. त्यांचाही तेवढाच अभ्यास होईल.

पालकसभा येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या पडवीत आहे. मागच्या तीन वर्षांची जमाखर्चाची वही सभेत ठेवावी असा अर्ज मी मुख्याध्यापकांना दिला आहे, आणि त्यांनी ठेवतो असे म्हटले आहे. धुणे आदल्या दिवशी उरकून घ्या. येताना चष्मा आणावा. वहीतले अक्षर फार बारीक आहे.