तिजोरी बाहेर काढताना

मंडळी, जुन्या वाड्यात लोखंडी तिजोरी असते. घर उतरवायची वेळ आली की ती बाहेर काढावी लागते. मग जो तो म्हणतो, "त्यात काय? चार गडी लावू!" आम्हीही तसंच म्हणालो होतो.

१९९८ सालची गोष्ट. पावसानं आमच्या वाड्याची मागची भिंत फुगली. वाडा उतरवायचं ठरलं. माजघरात आजोबांच्या वेळची तिजोरी होती. उंची अवघी साडेतीन फूट. पण लोखंडाचं वजन डोळ्यांना दिसत नाही. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा भरीव लोखंडाचा ठोकळा सुमारे २२० किलो भरतो. म्हणजे शंभर किलोंची दोन पोती आणि वर थोडं! तिजोरी आतून पोकळ खरी. पण तिच्या भिंती दुहेरी असतात. आगीत कागद जळू नयेत म्हणून मधे मसाला भरलेला असतो. आमची तिजोरी पाच क्विंटलांच्या खाली नव्हती.

बाजारातल्या एका म्हाताऱ्या हमालबाबांना बोलावलं. ते म्हणाले, "सहा माणसं लागतील." आम्ही म्हटलं, चारांत भागवा. "गुरुजी, पैसे कमी द्या, माणसं कमी करू नका," बाबा म्हणाले. आम्ही गप्प बसलो.

बाबांनी आधी तिजोरी रिकामी करायला लावली. मग दाराला कुलूप घातलं. वाटेत दार उघडलं, तर सगळा तोल पुढे जातो. पाच फुटी पहार कडेखाली घातली. पहारेच्या टोकापासून तीन इंचांवर लाकडाचा ठोकळा टेकण म्हणून ठेवला. पहारेचं दुसरं टोक एकट्यानं दाबलं आणि कड उचलली गेली! खाली लोखंडी नळ सरकवले. मागे सुटलेला नळ उचलायचा, पुढे ठेवायचा. अशी तिजोरी ओसरीपर्यंत आली.

पुढे जोत्याच्या चार पायऱ्या. त्यांवर फळ्यांची उतरण करायची होती. बाबांनी जाड, नव्या फळ्या मागितल्या. आम्ही माळ्यावरच्या जुन्या काढून दिल्या. एका फळीवर बोटं वाजवून बाबा म्हणाले, "ही बदला." आम्ही म्हणालो, "सागवानी आहे, काही होत नाही." खरं सांगतो, चार पैसे वाचवायचे होते.

बाबांनी माजघराच्या दाराआड आडवा वासा लावला. त्याला दोराचे तीन वेढे दिले. दुसरं टोक तिजोरीला बांधलं. वेढ्यांमुळे दोर घासत घासत हळू सुटतो. "खालच्या अंगाला कुणी थांबायचं नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं.

निम्म्यावर तिजोरी आली आणि कडाड्‌ आवाज झाला. तीच फळी! तिजोरी कुशीवर कलली. दोर काय करणार? आमचा एकोणीस वर्षांचा पुतण्या तिला धरायला हात पुढे करून धावला. बाबांनी त्याची मानगूट पकडून मागे ओढलं. "पडू दे!"

तिजोरी पडली. खालच्या दगडी पायरीचे दोन तुकडे झाले. पुतण्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. आमचे मात्र पाय लटपटत होते. आम्ही ओट्यावर बसलो ते बराच वेळ उठलोच नाही.

जरा वेळानं आम्ही बाबांपुढे दुप्पट मजुरी धरली. त्यांनी ठरलेली तेवढी मोजून घेतली. बाकीची परत आमच्या हातावर ठेवली.

"याच्या फळ्या आणा, गुरुजी," ते म्हणाले. "गाडीत चढवायची अजून बाकी आहे."