नाक कुठं गेलं?

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'चांगला फोटो कसा काढावा'. "तुझा स्टुडिओ आहे, त्यावरच बोल, सगळ्यांच्या उपयोगाचं होईल," असं फोनवर सांगितलं. शाळेत असताना मी या स्टेजवर एकदाही उभी राहिले नाही. वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायचं आणि आदल्या दिवशी ताप आणायचा, ही माझी पद्धत बाईंना चांगली माहीत आहे. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

सकाळी पडद्यावर आपला दहावीचा ग्रुप फोटो दाखवला. सगळ्यांनी एकमेकांना ओळखलं, टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात दोन पांढऱ्या रिबिनी आणि त्यांच्यामध्ये थोडे दात दिसत होते. ती मी. फोटो हातात आला त्या दिवशी वर्गात कोणीतरी म्हणालं होतं, "हिचा फ्यूज उडालाय." सगळे हसले, मीही हसले. कोण म्हणालं ते मला आठवतंय, तो आज इथं बसलाय, आणि मघाशी त्यानंच मला जेवताना आग्रहानं जिलेबी वाढली. त्यामुळे हिशेब मिटला. पण खरं सांगते, तो फोटो मी घरी आईला दाखवला नव्हता. मला वाटलं, काळ्या माणसाचा फोटो असाच येतो.

आज तीस वर्षं हा धंदा केल्यावर सांगते, त्यात माझ्या रंगाचा दोष फार थोडा होता. सर आणि पहिली रांग उन्हात खुर्च्यांवर होती, आम्ही मागे व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, छपराच्या सावलीत. ऊन आणि अशी सावली यांच्या उजेडात आठ-दहा पटींचा फरक सहज असतो. आपला डोळा तो सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. फोटोग्राफरनं उन्हातल्या रांगेप्रमाणे कॅमेरा लावला, आणि त्याचं बरोबरच होतं, पुढं हेडमास्तर बसलेले! मागची रांग मग आपोआप अंधारात गेली. सगळ्यांना चार पावलं मागे, सावलीत घेतलं असतं, तर एवढंही झालं नसतं.

दुसरा फोटो १९९३ चा. मुलगी दाखवायचा फोटो. वडील मला एका स्टुडिओत घेऊन गेले. तिथं पावडरीचा डबा आणि कंगवा ठेवलेला असायचाच. फोटोग्राफरनं वडिलांना विचारलं, "उजळ काढू ना?" मला विचारलं नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ तोंडावर मारला आणि प्रिंट फिकी काढली. फोटोत मी गोरी आले, पण कपाळ, नाक आणि गाल यांचा एकच पांढरा पापड झाला होता. पुढं एका गावचे पाहुणे आले. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर त्यांच्यातल्या एक बाई माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, "फोटोतली मुलगी कुठं आहे?" त्या खोट्या बोलत नव्हत्या. फोटोतली मुलगी घरात नव्हतीच.

त्यानंतर कराडचे पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ. त्यांनी माझा फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हा काढला कुणी? नाक कुठं गेलं मुलीचं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाक तर चांगलं आहे की!" लग्न जमलं ते असं. माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

आता उपयोगाचं सांगते, नाहीतर संयोजक चिठ्ठी पाठवतील.

मामांच्या स्टुडिओत उत्तरेला मोठी खिडकी होती आणि छपरात काचेची कौलं. वीज गेली तरी त्यांचं काम थांबत नसे. उत्तरेकडून वर्षातला बराच काळ ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड शांत असतो. ते गिऱ्हाइकाला खिडकीसमोर बसवत नसत, खिडकी एका बाजूला येईल असं बसवत. म्हणायचे, "उजेड एका गालावर ठेव. दुसऱ्या गालावर सावली येऊ दे. सावली नसेल तर नाक दिसत नाही." माझ्या स्थळाच्या फोटोचं कोडं मला तिथं सुटलं. फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की कॅमेरा जिथून बघतो तिथूनच उजेड जातो, म्हणून चेहऱ्यावर सावली राहत नाही. ती जाते मागच्या भिंतीवर. चेहरा सपाट, आणि भिंतीवर काळं भूत.

दुसरी गोष्ट मी मामांच्या आधी इथंच शिकले होते. विज्ञानाच्या सरांनी मेणबत्ती आणि पुठ्ठ्याचे चौकोन घेऊन दाखवलं होतं, अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. सर, तो प्रयोग परीक्षेत आला नाही म्हणून आम्ही तेव्हा नाराज होतो. मी मात्र आयुष्यभर त्यावरच भाकरी खाल्ली. खिडकीपासून तीन फुटांवर बसलेल्या माणसाला सहा फुटांवर सरकवलं की तोंडावरचा उजेड बराच उतरतो. खिडकी मोठी असेल तर अगदी पाव होत नाही. पण छोट्या फ्लॅशला सरांचा नियम बहुतेक तंतोतंत लागतो. म्हणून मंडपात फ्लॅश मारला की पुढचे काका पांढरेफटक आणि मागची वरात काळोखात.

त्यावर उपाय म्हणजे फ्लॅशचं तोंड माणसाकडून फिरवून छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करायचं. मग ती अख्खी भिंतच दिवा होते, आणि मोठ्या दिव्याची सावली मऊ पडते. फक्त भिंतीचा रंग बघायचा. मंडपाचं कापड पिवळं असलं आणि फ्लॅश वर मारला, की आख्ख्या वऱ्हाडाला हळद लागते. पहिल्याच मोठ्या लग्नात मी हे करून बसले होते. मामांनी अल्बम बघितला आणि एवढंच म्हणाले, "नवरीला लावायची असते, सगळ्यांना नाही."

सावळ्या माणसाच्या फोटोचं एक वेगळं आहे. कॅमेऱ्याच्या आतला मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीपुढं उभा केला, की मीटर भिंतीला घाबरतो आणि सगळंच अंधारं करतो. भिंत राखाडी होते आणि माणूस कोळसा. मग घरचे म्हणतात, हिचा फोटो येतच नाही. खरं तर तिथं उजेड वाढवून चेहरा जाळायचा नसतो. भिंत बदलायची, मोठा मऊ उजेड बाजूनं जवळ आणायचा. सावळ्या कातडीवर उजेडाची जी हलकी चमक येते ना, गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेवर, त्या चमकेनंच चेहरा घडतो. आणि मागून एक बारीक उजेड केसांवर आणि खांद्यावर दिला, की केस मागच्या अंधारात बुडत नाहीत. गोऱ्या चेहऱ्यावर ही चमक एवढी उठून दिसत नाही, हे कोणीही फोटोग्राफर सांगेल.

मी नंतर वाचलं की रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये छपाईचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी एक कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असायचा, आणि त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. आपल्या वर्गातलं कोण शर्लीसारखं होतं, सांगा!

हे सगळं मला माहीत होतं. आता जे सांगते ते संयोजकांनी सांगितलेल्या विषयात बसत नाही.

हे सगळं माहीत असून मी वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मुलींचे फोटो 'उजळ' काढले. वडील यायचे, मुलगी खाली मान घालून उभी. "थोडी उजळ येऊ द्या, ताई." मी फ्लॅश सरळ मारायचे, प्रिंट फिकी काढायचे. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा तर काम आणखी सोपं झालं. मामांना ते आवडत नसे, पण तेही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचेच. ज्या जागी पेन्सिल फिरते ती जागा प्रिंटवर उजळ येते. फोटो परत आला तर पैसे बुडायचे, शेजारी दोन स्टुडिओ उभे होते. आणि त्या वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर बघितलेली होती. अशी कारणं मी स्वतःला सांगायचे. पण "फोटोतली मुलगी कुठं आहे?" हे वाक्य माझ्यामुळे कितीजणींनी ऐकलं असेल, ते मी कधी मोजलं नाही.

२०१९ साली माझ्या मुलीचं नाव लग्नासाठी नोंदवायचं होतं. रंगानं ती माझ्यावर गेली आहे. मी स्टुडिओत तिचे फोटो काढले आणि रात्री कॉम्प्युटरवर बसले. मुद्दाम काही केलं नाही, सवयीनं हात गेला. उजेड वाढवला, कातडी गुळगुळीत केली. सकाळी तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, ही कोण?"

चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती खरंच विचारत होती.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. दुपारी तिला स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. खिडकी तिच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. ट्यूबलाइट बंद केली, कारण तिचा हिरवट उजेड खिडकीच्या उजेडात मिसळला की कातडीचा रंग बिघडतो. उजव्या बाजूला कपाटाला थर्मोकोलची शीट टेकवली, गणपतीच्या मखराची उरलेली. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ४, शटर १/१२५. फ्लॅश अगदी बारीक, एक बत्तिसांश ताकदीवर, आणि त्याचं तोंड मागच्या पांढऱ्या भिंतीकडे. तेवढा फ्लॅश डोळ्यांखालच्या सावल्या हलक्या करायला पुरतो, खिडकीचा उजेड मारत नाही. फ्लॅश लागला हे फोटो बघणाऱ्याला कळलं, तर तो जास्त झाला असं समजायचं.

तिला मी हस म्हटलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती, मग माझ्याकडे वळली. तो एक फोटो. त्यात तिचा रंग तिचाच आहे, नाक मामांच्या घराण्याचं आहे, आणि हनुवटी माझ्या आईची आहे. हनुवटीचं मला तोवर लक्षातच आलं नव्हतं.

लग्न जमलं का, असं विचाराल. जमलं. तिचं तिनंच जमवलं, कुणाला फोटो न दाखवता.

तो फोटो आता स्टुडिओत दर्शनी भागात लावलाय. उजळ करून मागणाऱ्यांना मी दोन प्रिंट देते, एक त्यांना हवी तशी आणि एक मला बरोबर वाटते तशी, आणि पैसे एकीचेच घेते. सगळे काही बदलत नाहीत. काहीजण शेजारच्या स्टुडिओत जातात, त्यांचा राग येत नाही. एकदा एक वडील गोरी प्रिंट घेऊन गेले. अर्ध्या तासानं त्यांची मुलगी एकटीच परत आली आणि म्हणाली, "ती दुसरी मला द्या." तिनं ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. फोनमधला चेहरा गोरा करणारा फिल्टर बंद करा. घरातल्या माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा, त्याच्या डोक्यावरची ट्यूब बंद करा आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी पांढरं धरा, चादरही चालते. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे तो भिंतीचा नाही, चेहऱ्याचा उजेड मोजेल. आणि आई-वडील असतील तर या आठवड्यातच काढा. माझ्याकडे ग्रुप फोटोतून कापून, मोठा करून फ्रेम करायला किती फोटो येतात, ते मला माहीत आहे.

आता साडेचार वाजता आपला ग्रुप फोटो आहे. मी सकाळीच जागा बघून ठेवली आहे. इमारतीच्या पूर्वेच्या बाजूला तेव्हा पूर्ण सावली असते, पुढचं मैदान उन्हात असतं आणि त्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर समोरून येतो. सर आणि बाई पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. उंच लोकांनी मागे उभं राहायचं, आणि ज्यांचं पोट वाढलंय त्यांनी थोडं तिरकं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून टायमर लावणार आहे, म्हणजे मलाही येता येईल.

माझी जागा कुणी घेऊ नका. मागची रांग, उजवा कोपरा.