गोल झालेला बोल्ट

मोटारीच्या इंजिनात लहानमोठे शेकडो भाग असतात. पण दुरुस्तीच्या दिवशी सगळे काम अडवून धरतो तो एखादा बोटाएवढा बोल्ट. पाना लावला, जोर केला, पाना सटकन् घसरला. बोटांची सालटी निघाली आणि बोल्टचे सहाकोनी डोके गोल झाले. आता त्याला पाना धरत नाही, आणि तो निघाल्यावाचून पुढचे काही सुटत नाही. अशा वेळी माणूस चिडतो, पान्याला लांब पाइप लावतो, आणि खरे नुकसान होते ते तिथे. बोल्ट मोडतो, त्याचा तुकडा आत राहतो, आणि क्षुल्लक किमतीच्या वस्तूपायी सबंध सिलिंडर हेड उतरवून कारखान्यात न्यावे लागते.

मुळात डोके गोल होते कशाने? बहुतेक वेळा चुकीच्या मापाच्या पान्याने. आपल्या भागात या गोष्टीला थोडा इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर निघाले, इंजिने निघाली. तो सारा जमाना इंचाचा. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलीस जीपगाड्या खेडोपाडी आल्या, त्यांचे बोल्टही इंचाचेच. मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 साली, आणि आजच्या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरचे असतात. पण जुन्या जीपा, जुनी इंजिने अजून कुठे कुठे चालू आहेत, आणि पान्यांच्या पेटीत दोन्ही मापे एकत्र नांदतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो, पण किंचित ढिला. 9/16 इंच म्हणजे सुमारे 14.3 मिलिमीटर. त्यावर 14 चा बसतच नाही आणि 15 चा बसतो तो खुळखुळत. मग सगळा जोर डोक्याच्या सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो, आणि कोपरे झिजतात. त्यात जुन्या ब्रिटिश पान्यांचा आणखी एक घोळ आहे. व्हिटवर्थ यांनी 1841 साली आट्यांची जी पद्धत सुचवली, तिच्या पान्यांवर लिहिलेला आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. आकडा वाचून पाना निवडाल तर फसाल. लावून, हलवून पाहा.

दुसरी गोष्ट, बोल्ट अडकतो का? तो कोणी आवळला म्हणून नव्हे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांमध्ये तर मुळातच जागा नसते. मग तो गंज दोन्ही बाजूंना दाबून बसतो, जणू आत पाचर मारली आहे. म्हणून नुसते पिळून भागत नाही. आधी ती पाचर फोडावी लागते. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचा बोल्ट बहुधा असा गंजलेला असतो. जत-आटपाडीकडच्या गाडीला पाणी कमी. तिथे धूळ आणि तेल यांचे कीटण दगडासारखे बसलेले असते. ते डिझेलने आणि तारेच्या ब्रशाने बरेचसे सुटते.

तेव्हा पहिले काम म्हणजे बोल्ट आणि भोवतालची जागा लख्ख करणे. मग बाजारात मिळणारे गंज सोडवणारे तेल आट्यांच्या तोंडाशी सोडावे. ते नसेल तर डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण चालते. आणि मग वाट पाहावी. तुम्ही म्हणाल, "काम खोळंबलंय आणि वाट कसली बघता?" पण तेल केसाएवढ्या फटीतून आत सरकायला वेळ घेते. संध्याकाळी सोडा, रात्रभर राहू द्या, मध्ये दोनदा पुन्हा सोडा. सोबत डोक्यावर हातोडीने हलके, सरळ ठोके द्यावेत. ठोक्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

आता पकड. बाराकोनी रिंग पाना झिजलेल्या डोक्यावर निरुपयोगी. सहाकोनी सॉकेट घ्यावे, ते सपाट बाजूंवर धरते. एक माप लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवले तरी पुष्कळदा काम होते. नाहीच जमले तर कानशीने डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लहान पाना लावावा. ऑइल चेंबरच्या तळाच्या बोल्टला हा उपाय छान लागू पडतो, कारण तिथे हात पोचतो. छिन्नी डोक्याच्या कडेला तिरपी धरून सुटण्याच्या दिशेने मारणे हाही जुन्या फिटर मंडळींचा मार्ग. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, पोलादाची कपची उडते.

जरासा हलला की एकदम ओढू नका. पाव फेरा सोडा, पुन्हा थोडा आवळा, तेल सोडा, पुन्हा सोडा. मागेपुढे केल्याने गंजाचे पीठ होते. सरळ ओढत राहिलात तर तेच पीठ आट्यांत दाटते आणि बोल्ट मध्येच मोडतो.

इथे शिक्षक मंडळींना वर्गात सांगण्यासारखे गणित आहे. आठ मिलिमीटर जाडीचा, इंजिनात नेहमी लागणारा चांगल्या पोलादाचा बोल्ट साधारण अडीच किलोग्रॅम-मीटर पिळाने आवळतात. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर साडेबारा किलोचा जोर दिला की तेवढा पीळ होतो. त्यालाच पाइप लावून ऐंशी सेंटिमीटर लांबी केली, की तेवढ्याच जोरात पीळ चौपट, म्हणजे दहा किलोग्रॅम-मीटर. बोल्ट मोडला यात नवल काय! मुलांना तरफेचा नियम फळ्यावर शिकवण्याऐवजी एक पाना आणि एक पाइप वर्गात आणावा.

तेलाने नाही भागले तर उष्णता. तापवायचे ते बोल्टभोवतीचे कवच, म्हणजे ते फुगून पकड सैल होते. कवच ॲल्युमिनियमचे असेल तर उत्तमच, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मात्र ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते आणि लोखंडासारखे लाल होऊन आधी इशारा देत नाही, बेताबेताने तापवावे. पेट्रोलची नळी, टाकी, तेलाने भिजलेली फडकी जवळ असताना ज्योत पेटवणे म्हणजे घर पेटवणे. सांडलेले तेल आधी पुसून काढा, वाळूची बादली जवळ ठेवा. काही कारागीर डोक्यावर नवा नट वेल्डिंगने जोडतात. त्याने पाना धरायला कोरे कोपरे मिळतात आणि बोल्टही तापतो. आजच्या गाड्यांत विजेची नाजूक यंत्रणा असते, म्हणून वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्या.

आणि मोडलाच तर? पंचाने बरोबर मध्ये खूण करावी. मध्य चुकला की भोक तिरपे जाते आणि कवचाचे आटे कापले जातात. आधी बारीक ड्रिल, मग थोडे मोठे. तुकडा काढण्याचे उलट्या आट्यांचे हत्यार मिळते, पण ते फार कडक पोलादाचे असते. तेच आत मोडले तर साधे ड्रिल त्याला शिवत नाही. हात बसलेला नसेल तर इथे थांबून गाडी चांगल्या लेथवाल्याकडे न्यावी. सांगली-मिरजेत, कराड-साताऱ्यात अशा कारागिरांची वाण नाही.

निघालेला बोल्ट पुन्हा वापरू नये. पण फेकूही नये. दुकानात नवा घेताना तो हातात असावा. जाडी सारखी दिसली तरी आटे इंचाचे की मिलिमीटरचे, बारीक की जाड, हे दोन्ही बोल्ट आट्याला आटा लावून उजेडात धरल्याशिवाय कळत नाही.