एका तपाचें मौन

इ. स. १९४२ मध्यें वि. स. खांडेकर यांची ‘क्रौंचवध’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांची नवी कादंबरी हातीं पडावयास वाचकांना १९५४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. ती ‘अश्रू’. मध्यें गेलीं तीं बारा वर्षें, म्हणजे एक संपूर्ण तप. ज्या लेखकानें १९३० ते १९४२ या तेवढ्याच काळांत दहाहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, ज्याचीं पुस्तकें मध्यम वर्गाच्या घराघरांत वाचलीं जात होतीं, ज्याला १९४१ सालीं सोलापूरच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद लाभलें होतें, तो लेखक आपल्या कीर्तीच्या ऐन मध्यान्हीं कादंबरीपुरता गप्प बसला! आणि तीं बारा वर्षें तरी कसलीं? महायुद्ध, ‘चले जाव’चा लढा, बंगालचा दुष्काळ, स्वातंत्र्य, फाळणी, गांधीजींचा खून, संस्थानांचें विलीनीकरण. लिहावयास विषय नव्हता असें कोण म्हणेल? विषय तर दारांत येऊन उभे होते. मग लेखणी कां थबकली, आणि थबकलेली लेखणी पुढें कशाच्या बळावर चालूं लागली?

या प्रश्नाचीं सोपीं उत्तरें पुष्कळ आहेत. युद्धकाळांत कागद दुर्मिळ झाला होता. खांडेकरांची प्रकृति कधींच धड नव्हती. डोळे तर लहानपणापासूनच अधू. शिवाय चित्रपटकथांचें काम मागें लागलेलें. हीं सारीं कारणें खरीं मानलीं, तरी त्यांनीं प्रश्न सुटत नाहीं. कारण याच वर्षांत त्यांच्या लघुकथा, रूपककथा, निबंध, प्रस्तावना, अनुवाद यांचा ओघ चालूच होता. कागद होता, हात चालत होता. चालत नव्हती ती फक्त कादंबरी. छोट्या कथेला एक क्षण, एक अनुभव पुरतो. कादंबरीला मात्र जगाकडे पाहण्याची एक सलग दृष्टि लागते, आणि नेमकी तीच त्या वर्षांत डळमळली होती, असें मानावयास जागा आहे.

ही दृष्टि त्यांना मिळाली होती शिरोड्यास. सांगलीस १८९८ सालीं जन्मलेला हा तरुण पुण्याच्या कॉलेजांत शिकावयास गेला, राम गणेश गडकऱ्यांच्या सहवासांत आला, गरिबी व आजारपण यांमुळें शिक्षण अर्धवट सोडून कोंकणांत परतला, आणि १९२० सालीं शिरोड्याच्या इंग्रजी शाळेंत शिक्षक झाला. पुढचीं अठरा वर्षें तो तेथेंच होता. शिरोडें हें वेंगुर्ल्याजवळचें समुद्रकांठचें गांव. नारळी-पोफळी, शेजारीं मिठागरें आणि लोकांच्या घरांत अठरा विश्वे दारिद्र्य. पुण्यामुंबईच्या साहित्यिक बैठकींपासून तें किती दूर होतें, याची कल्पना आजच्या प्रवाशाला यावयाची नाहीं. अशा आडगांवीं लेखक एकटा पडून सुकून जावयाचा. खांडेकर सुकले नाहींत, याचें श्रेय शाळेला द्यावें लागेल. वर्गांतील मुलें हा त्यांचा पहिला श्रोतृवर्ग. त्या मुलांच्या घरचें दैन्य त्यांना रोज दिसत होतें. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकांतून तें लोकांपुढें मांडतांही येत होतें. ‘उल्का’ कादंबरींतील ध्येयवादी शिक्षक भाऊसाहेब हे पुस्तकी कल्पनेंतून उतरलेले नाहींत, हें वाचकाला पहिल्या कांहीं पानांतच जाणवतें.

१९३० च्या एप्रिलमध्यें गांधीजींनीं दांडीस मीठ उचललें, आणि मे महिन्यांत महाराष्ट्राचा मिठाचा सत्याग्रह नेमका शिरोड्यास झाला. जेथें लेखक राहत होता त्याच गांवीं इतिहास चालून आला, असा योग फार थोड्यांच्या वांट्यास येतो. त्याच वर्षीं ‘हृदयाची हाक’ ही खांडेकरांची पहिली कादंबरी निघाली. खांडेकर तुरुंगांत गेले नाहींत, शाळेंतच राहिले. त्याच वर्षीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांतील दुसरे एक शिक्षक, पांडुरंग सदाशिव साने, शाळा सोडून सत्याग्रहांत शिरले. पुढें १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं; आणि १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या कांहीं दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनीं लिहून काढला. तुरुंगाच्या भिंतींच्या आड, सोबतच्या कैद्यांना गोष्टी सांगतां सांगतां, एका शिक्षकाला त्याचा वर्ग पुन्हा सांपडला. दोघेही मास्तर, दोघांचें वय जवळजवळ सारखें. एकानें नोकरीवर पाणी सोडलें, दुसरा फळ्यापाशीं उभा राहिला. कोणाचें मोल अधिक, हें तराजूंत घालून पाहण्याचा मोह आवरलेला बरा. मात्र दोघांचीही लेखणी समोर बसलेल्या माणसांकडे पाहून चालत होती, एवढें साम्य विसरूं नये.

१९३८ सालीं खांडेकर कोल्हापुरास आले. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्ससाठीं ते चित्रपटकथा लिहीत होते. ‘छाया’ १९३६ सालींच गाजला होता. शिरोडें सुटलें, वर्ग सुटला, पण कोल्हापूर हें कांहीं लहान गांव नव्हतें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं कोल्हापूर पाहिलें असेल, त्यांच्या डोळ्यांपुढें अंबाबाईचें देऊळ, रंकाळा आणि कुस्तीचीं मैदानें येतील. पण त्या काळीं हें शहर मराठी वाङ्मयाचीही एक राजधानी होतें. १९३२ चें साहित्य संमेलन सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखालीं येथेंच भरलें होतें. राजाराम कॉलेजांत माधव ज्यूलियन शिकवीत. ते १९३६ मध्यें जळगांवच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच कॉलेजांतील ना. सी. फडके १९४० मध्यें रत्नागिरीस अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षीं सोलापुरास खांडेकर. म्हणजे लागोपाठचीं दोन अध्यक्षपदें एकाच गांवांत! आणि तीं अशा दोघांकडे, कीं ज्यांचें कलेविषयींचें मत एकमेकांच्या अगदीं विरुद्ध. फडके म्हणत, कला ही कलेसाठीं. खांडेकर म्हणत, ती जीवनासाठीं. हा वाद महाराष्ट्रभर कडाक्यानें गाजला. आज तो जुना वाटतो, कित्येकांना भाबडाही वाटेल. पण ज्या गांवांत आपल्या मताला तोलामोलाचा प्रतिपक्षी भेटतो, त्या गांवांत लेखकाला एकटेपणा जाणवत नाहीं, हें तितकेंच खरें. केवळ स्तुति करणारे शेजारी लेखकाच्या फारसे उपयोगी पडत नाहींत.

आणि राजकारण? कोल्हापूर संस्थान होतें. १९३९ सालीं माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार प्रभृतींनीं प्रजापरिषद उभी केली. बागल हे मूळचे चित्रकार. पण कुंचला बाजूला ठेवून सभा, वृत्तपत्र आणि तुरुंग यांच्या मागें लागले, आणि इतकें होऊनही पुस्तकें लिहीतच राहिले. चळवळ हीच त्यांची बैठक. खांडेकरांचा पिंड निराळा. घोषणांचा त्यांना कंटाळा असावा. पण ‘क्रौंचवधा’त त्यांनीं तोच प्रश्न घेतला. संस्कृतचे विद्वान दादासाहेब, त्यांची मुलगी सुलू, आणि देशकार्याला वाहून घेतलेला दिलीप. व्याधानें क्रौंच पक्षी मारला तेव्हां वाल्मीकीच्या मुखांतून श्लोक बाहेर पडला, ही कथा आपण सारे जाणतों. पण आजूबाजूला रोज क्रौंचवध होत असतांना श्लोक रचून थांबणें पुरेसें आहे काय? ही शंका कादंबरीभर घुमत राहते. असली शंका पात्रांच्या तोंडीं घालणारा लेखक ती स्वतःला विचारल्यावांचून राहील, हें संभवत नाहीं. कादंबरी निघाली तें वर्ष १९४२ चें. ऑगस्टमध्यें पुढारी गजाआड गेले आणि देश पेटला.

त्यानंतरचें मौन या पार्श्वभूमीवर पाहिलें पाहिजे. त्या काळांत खांडेकरांनीं दुसऱ्यांचें काय मराठींत आणलें, तें पाहणें मोठें उद्बोधक आहे. ‘सुवर्णकण’ या पुस्तकांत खलील जिब्रानच्या रूपककथा आल्या. आणि ‘तुरुंगांतील पत्रें’ हा अन्‌र्स्ट टोलर या जर्मन नाटककाराच्या पत्रांचा अनुवाद. टोलर पहिल्या महायुद्धांत उत्साहानें लढावयास गेला आणि युद्धाचा वैरी होऊन परतला. १९१९ सालच्या बव्हेरियांतील क्रांतींत तो पुढारी होता. ती फसली आणि त्याला पांच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या कोठडींत पाकोळ्यांच्या एका जोडप्यानें घरटें बांधलें. त्यांच्यावर त्यानें काव्य लिहिलें. अधिकाऱ्यांनीं पुढें तीं घरटीं मोडून टाकलीं. वाल्मीकीचा क्रौंच आणि जर्मन तुरुंगांतली पाकोळी यांच्यांत किती शतकांचें अंतर. पण ‘क्रौंचवधा’च्या कर्त्याला तें फार वाटलें नसावें. हिटलर सत्तेवर येतांच टोलरचीं पुस्तकें जाळलीं गेलीं, तो परागंदा झाला, आणि १९३९ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कमध्यें त्यानें स्वतःचा अंत करून घेतला. तुरुंगानें जें साधलें नाहीं, तें परदेशांतील एकाकीपणानें साधलें, असेंच म्हणावें लागतें. कोठडींत निदान सोबती होते, पत्रें होतीं, पाकोळ्या होत्या. लिहिणें थांबलेल्या एका मराठी कादंबरीकारानें नेमकें हेंच पुस्तक हातीं घ्यावें, हा निव्वळ योगायोग नव्हे.

१९४७ च्या ऑगस्टमध्यें, स्वातंत्र्यानंतर चारच दिवसांनीं, मास्टर विनायक वारले. १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस गांधीजींचा खून झाला, आणि खुनी ब्राह्मण म्हणून कोल्हापुरांत ब्राह्मणांचीं घरेंदारें जाळण्यांत आलीं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टूडिओ त्याच वेळीं भस्मसात झाला. मोठ्या जिद्दीनें त्यांनीं तो पुन्हा उभारला, हें सर्वश्रुत आहे. ज्या शहरानें लेखकांना आसरा दिला, त्याच शहराच्या रस्त्यांवर शेजाऱ्यानें शेजाऱ्याचें घर पेटविलें. खांडेकर त्या वेळीं कोल्हापुरांतच राहत होते. माणूस मूलतः चांगला आहे, त्याला फक्त जागें करावयाचें आहे, या श्रद्धेवर ज्यानें पहिल्या सगळ्या कादंबऱ्या उभारल्या, त्याच्या मनाचें काय झालें असेल, हें वेगळें सांगावयास नको. पुढें १९४९ च्या मार्चमध्यें संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. १९५० च्या डिसेंबरांत बिंदु चौकांत महात्मा फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बागलांच्या पुढाकारानें बसले. तेंच शहर, दोन-तीन वर्षांच्या अवधींत, इतकीं निरनिराळीं रूपें दाखवीत होतें.

या काळांत खांडेकरांना कोणी धरून ठेवलें असेल, तर तें त्यांच्या वाचकांनीं. त्यांतले पुष्कळसे तर मराठी बोलणारेही नव्हते. का. श्री. श्री. या नांवानें ओळखले जाणारे श्रीनिवासाचार्य यांनीं त्यांचीं पुस्तकें तामिळमध्यें नेलीं, गोपाळराव विद्वांसांनीं गुजरातींत नेलीं, आणि दोन्ही भाषांत तीं तेथल्याच लेखकाचीं असावींत अशा आवडीनें वाचलीं गेलीं. गांवांतील गांव तुटत असतां, न पाहिलेल्या माणसांचें एक गांव दूरवर वसत होतें. लेखकाला मिळणारा समाज हा नेहमीं शेजारच्या गल्लींतच असतो असें नाहीं. ज्यांचें आपण कधीं तोंडही पाहिलें नाहीं, अशा कोणा तामिळ गृहिणीला किंवा अहमदाबादच्या विद्यार्थ्याला आपल्या पुस्तकाची वाट पाहावीशी वाटते, ही जाणीव टेबलापाशीं बसावयास भाग पाडते.

१९५४ सालीं ‘अश्रू’ निघाली, तेव्हां तिचा नायक कोण होता? पुन्हा एक शिक्षक. पण ‘उल्के’तील भाऊसाहेबांनंतर वीस वर्षें लोटलीं होतीं. हा शंकर जग सुधारावयास निघालेला नाहीं. महागाईच्या दिवसांत, थोड्या पगारांत, घरसंसार सांभाळून सरळ मार्गानें चालतां आलें तरी पुष्कळ, एवढीच त्याची धडपड. कित्येक टीकाकारांना ही कादंबरी मागल्या कादंबऱ्यांपेक्षां फिकी वाटली. वाटो. परंतु ‘अश्रू’ नसती, तर पुढची कादंबरी झाली असती कीं नाहीं याची शंका वाटते. लेखणी आधीं शाळेच्या उंबरठ्यापर्यंत परतली आणि मग महाभारतापर्यंत गेली.

ती पुढची कादंबरी ‘ययाति’, १९५९ सालची. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगतात. कच बाजूला उभा राहून पाहतो. मुलाचें तारुण्य मागून घेणारा हा राजा नव्या राज्यांतील भोगलोलुप माणसाचें चित्र आहे, हें त्या वेळच्या वाचकाला समजावून सांगावें लागलें नाहीं. १९६० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्कारानें खांडेकरांचा गौरव झाला, आणि मराठीला तो मान प्रथमच लाभला. तोंवर त्यांची दृष्टि गेली होती. ते बोलत आणि दुसरें कोणी उतरून घेई. २ सप्टेंबर १९७६ रोजीं, देशांत आणीबाणी चालू असतांना, ते वारले. ‘एका पानाची कहाणी’ हें त्यांचें आत्मचरित्र पुढें १९८१ सालीं वाचकांच्या हातीं आलें.