जुनी सिने-लेन्स, नवा कॅमेरा
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. निवृत्तीनंतर मिलिमीटर मोजायला लागलो. आज बोलणार आहे ते जुन्या सिने-कॅमेऱ्यांच्या लेन्सबद्दल. विषय ऐकून कुणी म्हणेल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर वडिलांचा किंवा सासऱ्यांचा चावीचा कॅमेरा असेल. रंगकाम निघालं की तो खाली येतो आणि थेट भंगारवाल्याकडे जातो. कॅमेऱ्यातली फिल्म आता सहज मिळत नाही हे खरं, पण पुढची लेन्स आजही काम करू शकते.

आधी ओळख पटवायची. बँकेत खातं उघडताना करतो तशी! घरगुती सिने-कॅमेरे मुख्यतः दोन मापांचे: १६ मि.मी. आणि ८ मि.मी. फिल्मचे. स्वित्झर्लंडचा बोलेक्स एच-१६ हा १९३५ साली आलेला कॅमेरा १६ मि.मी.चा. त्याची लेन्स आट्यांवर फिरवून बसते. या बैठकीला सी-माउंट म्हणतात. आट्यांचा व्यास १ इंच, एका इंचात ३२ आटे. ८ मि.मी.च्या बऱ्याच कॅमेऱ्यांची बैठक डी-माउंट, व्यास इंचाचे पाच अष्टमांश. पट्टी नसेल तर नाणी काढा. १९९२ नंतरचं स्टीलचं मोठं एक रुपयाचं नाणं साधारण २५ मि.मी.चं, म्हणजे सी-माउंटच्या जवळपास. स्टीलचं जुनं १० पैशांचं नाणं साधारण १६ मि.मी.चं, ते डी-माउंटएवढं. रद्द झालेल्या नाण्याचा एवढा उपयोग रिझर्व्ह बँकेलाही सुचला नसेल.

पण नुसत्या आट्यांवर विसंबू नका. सीसीटीव्हीच्या पेटीसारख्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचे आटेही हुबेहूब तेच असतात, पण त्या बहुधा सीएस-माउंटच्या असतात. फरक आहे तो लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतच्या अंतरात. सी-माउंटला हे अंतर १७.५२६ मि.मी., सीएसला बरोबर ५ मि.मी. कमी. घरच्या घरी तपासायचं असेल तर लेन्सचं फोकस अनंतावर ठेवा, खोलीत अंधार करा आणि खिडकीसमोर लेन्स धरून मागे पांढरा कागद धरा. समोरच्या इमारतीचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटेल. बैठकीच्या कडेपासून कागद साधारण साडेसतरा मि.मी.वर असेल तर सी-माउंट, साडेबारावर असेल तर सीएस.

आता ती बसवायची कशावर? ज्या कॅमेऱ्यात आरसा आहे, ते विसरा. तिथे सेन्सर बैठकीपासून ४४ किंवा ४६.५ मि.मी. आत असतो. लेन्स इतकी आत ढकलता येत नाही. बिनआरशाचे कॅमेरे चालतात. मायक्रो फोर थर्ड्स या प्रकारात हे अंतर १९.२५ मि.मी. आहे. म्हणजे अडॅप्टरने लेन्स सुमारे पावणेदोन मि.मी. कॅमेऱ्याच्या आत बसवायला हवी. म्हणूनच हा अडॅप्टर मधे खोलगट असतो, आणि मागून जाड असलेली लेन्स त्यात अडते.

दुसरा प्रश्न चित्राच्या आकाराचा. १६ मि.मी. फिल्मच्या चौकटीचा कर्ण जेमतेम १२.७ मि.मी., तर या सेन्सरचा २१.६. लेन्स बनली ती छोट्या चौकटीसाठी. त्यामुळे १० मि.मी.सारख्या रुंद लेन्सचे कोपरे काळे येणारच. २५ मि.मी.ची बहुतेक भागते, कोपरे थोडे मिटतात. ५० किंवा ७५ मि.मी.ची सहसा सगळी चौकट भरते.

बी विंगमधल्या एका वहिनींच्या सासऱ्यांचा बोलेक्स अशाच रंगकामात खाली आला. तीन लेन्स होत्या: १०, २५ आणि ७५ मि.मी.च्या. नातीकडे मायक्रो फोर थर्ड्सचा कॅमेरा. २५ आणि ७५ नीट बसल्या, १० अडॅप्टरमध्ये अडली. एका कारागिराने सांगितलं, ‘कड घासून देतो, तासाभराचं काम आहे.’ नात तयार होती. वहिनी गप्प होत्या. मग माझ्याकडे आल्या.

मी त्यांना बँकेचा नियम सांगितला. सोनं तारण ठेवलं की कर्ज फिटल्यावर दागिना जसा आला तसाच परत द्यायचा असतो. एक वळंही इकडचं तिकडे होता कामा नये. ही लेन्स आपल्याकडे तारणच आहे. घासलेला धातू परत येत नाही. आणि घासूनही काळे कोपरे गेले नसतेच! म्हणजे व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा. नातीला पटलं. १० मि.मी.ची लेन्स सासऱ्यांच्या कॅमेऱ्यावर परत गेली, आणि ७५ मि.मी.च्या लेन्समधून नातीने आजीचा फोटो काढला. सासऱ्यांनी ज्या काचेतून सुनेला नव्या नवरीच्या रूपात टिपलं होतं, त्याच काचेतून. तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे, जाऊन बघा.

शेवटी चार सूचना. एक, लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. स्वतः खोलू नका, जाणकाराला दाखवा. आपल्या पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दोन, लेन्सचा मागचा भाग फार लांब असेल तर आतल्या शटरला लागू शकतो. आधी मोजा, मग हलक्या हाताने फिरवा. तीन, कॅमेऱ्याला लेन्स ओळखू येत नाही, म्हणून मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ची परवानगी चालू करा. फोकस आणि छिद्र दोन्ही हाताने ठेवायचं. चार, लेन्सवर आरएक्स लिहिलं असेल तर ती मागे काचेचा लोलक असलेल्या बोलेक्ससाठी बनली आहे. पूर्ण उघडी ठेवली तर चित्र जरा मऊ येतं. छिद्र ५.६ पर्यंत लहान करा.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पुढेमागे पुनर्विकासाची चर्चा होईल, घरं रिकामी करावी लागतील. तेव्हा माळ्यावरचा तो डबा उघडल्याशिवाय देऊ नका. उघडा, लेन्सच्या कडेवरची अक्षरं वाचा, आणि काही कळलं नाही तर ए विंग, दुसरा मजला. बेल वाजवा. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही या.