धावपट्टीची दिशा

धावपट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात काढलेला मोठा आकडा हा तिचा अनुक्रमांक नसतो, ती तिची दिशा असते. होकायंत्रावर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत गेल्यास पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंशांवर येते. उतरणारे विमान ज्या अंशाकडे धावते, तो जवळच्या दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य गाळतात. म्हणून १३६ अंशांची धावपट्टी १४ ठरते. उलट बाजूने तीच ३२ होते, कारण दोन्ही दिशांत १८० अंशांचा फरक असतो. मुंबईत ०९-२७ आणि १४-३२ अशा एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत.

हे अंश चुंबकीय उत्तरेपासून मोजतात आणि ही उत्तर हळूहळू सरकते. त्यामुळे आकडेही बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरची ०५-२३ ही धावपट्टी २००९ मध्ये ०४-२२ झाली. कॅनडाच्या अतिउत्तरेकडे होकायंत्राचा भरवसा नसल्याने तिथे भौगोलिक उत्तर धरतात.

ढगांमुळे किंवा धुक्यामुळे धावपट्टी दिसत नाही, तेव्हा वैमानिक आयएलएस या यंत्रणेच्या आधाराने उतरतो. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाबाहेर लोकलायझरचा अँटेना असतो. त्याच्या रेडिओलहरींत ९० आणि १५० हर्ट्‌झचे दोन संकेत मिसळलेले असतात. विमान डावीकडे सरकले तर पहिला वरचढ ठरतो, उजवीकडे सरकले तर दुसरा. दोन्ही समान असले की काटा मध्यभागी येतो. खाली येण्याचा उतार ग्लाइड स्लोप दाखवतो. तो साधारण ३ अंशांचा असतो.

नवशिक्याची गल्लत होते ती मार्गाची दिशा आणि नाकाची दिशा यांत. पावसाळ्यात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर विमाने घाटकोपरच्या बाजूने, समुद्राकडे तोंड करून उतरतात. वारा नैर्ऋत्येचा असला की तो डावीकडून ढकलतो. मार्ग २७० अंशांचा राखायचा तर नाक डावीकडे, समजा २६२ अंशांवर, धरावे लागते. २७०वरच नाक ठेवले तर विमान उजवीकडे वाहत जाते. नियंत्रण मनोरा वाऱ्याची दिशा चुंबकीय अंशांत सांगतो, त्यामुळे ती धावपट्टीच्या दिशेशी थेट ताडून पाहता येते. हवामानाच्या लेखी अहवालात मात्र ती भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली असते. चाके टेकण्यापूर्वी वैमानिक नाक पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आणतो.